४१ जागा, ३२ हजार अर्ज : वर्दीची नोकरी हवी असेल तर आधी कोणतं गणित मांडायला हवं?

४१ जागा. ३२,०२६ अर्ज.

हे आकडे राज्यसेवेच्या परीक्षेचे नाहीत. पोलीस बँडमध्ये वाद्य वाजवणाऱ्या शिपायाच्या पदाचे आहेत. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनच्या एका जागेमागे सुमारे ७८१ अर्ज आले होते.

त्याच भरतीतले बाकीचे आकडे बघा. कारागृह शिपायाच्या १,८०० जागांसाठी ३,७२,३५४ अर्ज, म्हणजे एका जागेमागे जवळपास २०७. चालक पदाच्या १,६८६ जागांसाठी १,९८,३००. राज्य राखीव पोलीस दलाच्या, म्हणजे एसआरपीएफच्या ४,३४९ जागांसाठी ३,५०,५९२. आणि पोलीस ठाण्यात, नाक्यावर, बंदोबस्तात दिसणाऱ्या शिपायाच्या ९,५९५ जागांसाठी ८,२२,९८४. सगळं मिळून जागा १७,४७१ आणि अर्ज १७ लाख ७६ हजार २५६.

तुरुंगातल्या नोकरीचं महाराष्ट्राला अचानक वेड लागलं होतं, असा याचा अर्थ नाही. एकच उमेदवार शिपाई, चालक, एसआरपीएफ, कारागृह अशा वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळे अर्ज भरू शकतो. त्यामुळे १७ लाख अर्ज म्हणजे १७ लाख माणसं नव्हेत. पण हा हिशोब वजा केला तरी रांग लहान होत नाही. बारावी पास एवढीच अट असलेल्या या पदांसाठी इंजिनिअर आणि एमबीए झालेल्यांनी अर्ज केल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या होत्या.

इन्स्टाग्रामवर 'भावी पोलीस' असं बायोमध्ये लिहिलेली हजारो अकाउंट्स सापडतील. मागे ढोल-ताशाचं गाणं, पुढे निकालाची यादी, आईच्या डोक्यावर टोपी, बाप रडतोय. अशी रील बघून कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण रीलमध्ये शेवटचा दिवस दिसतो. त्याआधी गेलेली वर्षं दिसत नाहीत, आणि वर्दी अंगावर आल्यावर नोकरी कायमची आहे की कराराची, हेही दिसत नाही.

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, आपत्ती निवारण यापैकी कुठेही करिअर करायचा विचार असेल, तर तपासायच्या गोष्टी मुळात या दोनच आहेत.

आधी वर्षांचा हिशोब

खुल्या प्रवर्गासाठी पोलीस शिपाई पदाची वयोमर्यादा १८ ते २८ आहे. मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत, म्हणजे ३३ पर्यंत. ऐकायला दहा-पंधरा वर्षं हातात आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात भरती दरवर्षी होत नाही.

समजा एखादी मुलगी २०१९ मध्ये बारावी झाली आणि तिने ठरवलं की पोलीसच व्हायचं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ५,२९७ जागांची भरती निघाली, तिने अर्ज भरला. त्या अर्जाची लेखी परीक्षा झाली २०२१ मध्ये. मध्ये महापरीक्षा पोर्टल रद्द झालं, मग कोरोना आला. पुढची जाहिरात आली २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, १८,३३१ जागांची. त्यानंतरची मार्च २०२४ मध्ये, म्हणजे वर उल्लेख केलेली १७,४७१ जागांची. आणि त्यानंतरची ऑक्टोबर २०२५ मध्ये, १५,६३१ जागांची.

सहा वर्षांत अर्ज भरण्याच्या चार संधी. अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या मुलीचं वय चौथ्या संधीला चोवीस झालेलं असतं. या मधल्या काळात तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची पदवी झालेली असते, काहींची लग्नं झालेली असतात, आणि घरी रोज एकच प्रश्न विचारला जातो. मुलींच्या बाबतीत वयोमर्यादा सरकारची वेगळी असते आणि घरची वेगळी, हे भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

हा उशीर सरकारलाही मान्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नव्या भरतीला मंजुरी दिली, तेव्हा २०२२ आणि २०२३ मध्ये कमाल वय ओलांडलेल्या उमेदवारांना एक वेळची विशेष बाब म्हणून अर्ज करायला परवानगी दिली. जागा वेळेवर भरल्या असत्या तर या सवलतीची गरजच पडली नसती. आणि अशी सवलत पुढच्या वेळी मिळेलच, यावर कुणी आयुष्याचा आराखडा बांधू नये.

२५ गुण म्हणजे पास, पण पुढे जाल असं नाही

निवडीची पद्धत कागदावर सोपी आहे. आधी मैदानी चाचणी ५० गुणांची, मग लेखी १०० गुणांची. पुरुषांना १,६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. महिलांना १,६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तसंच. उंची पुरुषांना १६५ सेंटीमीटर, महिलांना १५५. लेखीत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण.

२०१९ च्या भरतीत आधी लेखी होती, मग मैदान. नंतर नियम बदलून मैदान आधी आलं. या एका बदलाने तयारीची सगळी दिशा बदलली. पुस्तकात हुशार पण गोळा सहा मीटरवर पडणारा उमेदवार आता लेखीच्या पेपरपर्यंत पोहोचतच नाही.

अनेक नवीन मुलं इथे एक चूक करतात. मैदानात ५० टक्के, म्हणजे २५ गुण मिळाले की पास, असं नियम सांगतो. पण लेखीला बोलावतात ते एका जागेमागे दहा जणांना. एखाद्या घटकात तुमच्या प्रवर्गाच्या २० जागा असतील तर मैदानातल्या गुणांनुसार वरचे २०० जण पुढे जाणार. तिथला कट-ऑफ ३८ लागला तर २५ वाला पास होऊनही घरी. म्हणूनच १,६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत मारण्यासाठी मुलं जीव काढतात, कारण पूर्ण २० गुण त्या वेळेला आहेत.

दुसरा भाग जुगाराचा आहे. भरती राज्याची असली तरी प्रत्येक जिल्हा आणि आयुक्तालय हा वेगळा घटक असतो आणि त्याची गुणवत्ता यादी वेगळी लागते. एकाच गुणांवर एका जिल्ह्यात निवड होते आणि शेजारच्या जिल्ह्यात नाव वेटिंगलाही येत नाही. मुंबईत जागा जास्त म्हणून तिथे अर्ज करायचा, की गावाजवळचा जिल्हा धरायचा? अर्ज भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात टेलिग्राम ग्रुप्सवर दुसरी चर्चा नसते. आणि ज्याच्या त्याच्या अंदाजापलीकडे या प्रश्नाला उत्तरही नसतं.

समांतर आरक्षणाचा तपशील मात्र जुगार नाही, तो वाचूनच अर्ज भरायला हवा. महिला ३० टक्के, खेळाडू ५, प्रकल्पग्रस्त ५, भूकंपग्रस्त २, पोलीस पाल्य ३, गृहरक्षक ५, अनाथ १ टक्का. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबात आजोबांच्या नावाचा दाखला ट्रंकेत पडून असतो आणि नातू खुल्या यादीत झुंजत असतो, असं होतं. एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्रालाही जादा गुण आहेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी ही सगळ्यात स्वस्त तयारी आहे.

मैदानाचा धोकाही लपवण्यात अर्थ नाही. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनपासून, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. कुठे चिखल, कुठे दमट उकाडा. त्याच महिन्याच्या शेवटी अंबरनाथजवळच्या बाळेगाव इथे एसआरपीएफच्या भरतीत पाच किलोमीटर धावल्यानंतर काही उमेदवार कोसळले आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. रात्रभर एसटीने प्रवास, फलाटावर किंवा फुटपाथवर झोप, पोटात वडापाव आणि सकाळी धाव. हे बहुतेकांचं वेळापत्रक असतं. वर कुणी 'स्टॅमिना वाढतो' म्हणून इंजेक्शन पुढे करतं. भरतीच्या काळात उत्तेजकं घेणाऱ्यांच्या बातम्या येतच असतात. सेकंद वाचवायला घेतलेलं इंजेक्शन पकडलं गेलं तर भरती गेलीच, आणि नाही पकडलं गेलं तर हृदयावर ताण आहेच.

खाकी मिळाल्यावर काय?

शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. गावाकडच्या खासगी नोकरीच्या तुलनेत हे चांगलंच आहे आणि त्यासाठीच रांग आहे, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'समाजसेवेची आवड' हे उत्तर मुलाखतीत शोभतं. घरात नियमित पगार यावा, हे कारण तितकंच प्रामाणिक आहे.

पण तास मोजायला हवेत. मुंबईत पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचा प्रयोग मे २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तोही एका शिपायाने मांडलेल्या प्रस्तावावरून. तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. म्हणजे आठ तासांचं काम, जे कारखान्यातल्या कामगाराला कितीतरी आधी कायद्याने मिळालं, ते पोलिसांना २०१६ मध्ये 'प्रयोग' म्हणून मिळत होतं. महिला पोलिसांसाठी बारा ऐवजी आठ तासांचा राज्यव्यापी आदेश जानेवारी २०२२ मध्ये निघाला. गणपती, निवडणुका, मोर्चे, व्हीआयपी दौरे आले की हे तास ताणले जातात. सगळ्यांची दिवाळी असते तेव्हा पोलिसाची ड्युटी असते, हे वाक्य गुळगुळीत झालंय, पण लग्नाआधी ते जोडीदाराला नीट समजावून सांगणारे कमी असतात.

तक्रार असेल तर? १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या आणि जाहीर बोलण्याच्या हक्कावर मर्यादा आहेत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभरातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोलिसांचाही जुन्या पेन्शनचा हक्क तसाच गेलेला होता. पण पोलीस संपावर जाऊ शकत नाहीत. ते ड्युटीवर होते.

बढतीच्या बाबतीत एक बदल चांगला झालाय. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'पोलीस नाईक' हे मधलं पद रद्द झालं. त्यामुळे शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक आणि उपनिरीक्षक अशी शिडी एका पायरीने लहान झाली. शिपाई म्हणून लागलेला माणूस खांद्यावर दोन स्टार घेऊन निवृत्त होण्याची शक्यता त्यामुळे वाढली. स्टार लवकर हवेत तर रस्ता वेगळा आहे. पीएसआय पदासाठी एमपीएससीची परीक्षा असते आणि पदवी लागते.

आगीत जाणाऱ्यांची रांग लहान का?

पोलीस भरतीसाठी जितक्या अकॅडम्या दिसतात, त्याच्या पासंगालाही अग्निशमन दलाची तयारी करून घेणाऱ्या दिसत नाहीत. याचं एक साधं कारण आहे. अग्निशमन सेवा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिका-महापालिकांचा विषय आहे. त्यामुळे पोलिसांसारखी राज्यभर एकच मोठी भरती निघत नाही. प्रत्येक महापालिका तिच्या सोयीने, तिच्या नियमाने जाहिरात काढते. खेड्यात आग लागली तर बंब जवळच्या नगरपालिकेचा किंवा एमआयडीसीचा येतो, आणि तो येईपर्यंत गोठा गेलेला असतो.

नियम किती वेगळे असू शकतात, याचं उदाहरण मुंबईचं. २०२३ च्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलात ९१० फायरमनची भरती दहिसरला झाली. वेतनश्रेणी पोलीस शिपायाइतकीच, २१,७०० ते ६९,१००. पण उंचीची अट पुरुषांना १७२ आणि महिलांना १६२ सेंटीमीटर. पोलिसांपेक्षा सात सेंटीमीटर जास्त. उंची मोजण्यावरूनच महिला उमेदवारांनी आक्षेप घेतला, आम्हाला चुकीचं बाद केलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मैदानाबाहेर मोठा गोंधळ झाला. चाचणीत धावण्याबरोबर उंचावरून जंपिंग शीटवर उडी, दोरावर चढणं, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन धावणं असे प्रकार असतात. पोलीस भरतीची तयारी इथे निम्मीच कामाला येते.

राज्यातल्या अनेक महापालिकांच्या जाहिरातीत आणखी एक अट असते. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम पूर्ण केलेला हवा. म्हणजे नोकरीच्या आधी प्रशिक्षण. ज्यांच्याकडे हे प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी स्पर्धा एकदम आटते. त्याहून वरच्या पदांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, देशभरातून मुलं तिथे येतात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानंतर इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यामुळे मॉल, हॉस्पिटल, कारखान्यांतही प्रशिक्षित माणसं लागतात.

इथेच फसवणुकीलाही जागा आहे. 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' असे फलक तालुक्याच्या एसटी स्टँडवरही दिसतात. पैसे भरण्याआधी एक काम करायचं. ज्या महापालिकेत लागायचं आहे तिची मागची जाहिरात काढायची आणि त्यात कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र मागितलंय ते शब्दशः वाचायचं. आपल्या डिप्लोमाचं नाव तिथे नसेल तर तो त्या नोकरीसाठी कागद आहे.

कामाचं स्वरूपही गैरसमजात अडकलंय. फायरमन फक्त आग विझवत नाही. पडलेलं झाड, अडकलेली लिफ्ट, कोसळलेली इमारत, पुरात अडकलेलं कुटुंब, मांजात अडकलेला पक्षी, सगळ्याला तोच. आणि धोका वरच्या पदावर गेलं म्हणून टळत नाही. मे २०१५ मध्ये काळबादेवीतल्या गोकुळ निवासच्या आगीने मुंबई दलातल्या चार अधिकाऱ्यांचा जीव घेतला. त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

गणवेश तसाच, करार वेगळा

आता दुसरा प्रश्न. अंगावरच्या गणवेशाखाली नोकरी कुणाची आहे?

१०८ ची रुग्णवाहिका हे सोपं उदाहरण. राज्यात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनी सुरू झाली. गाडीवर महाराष्ट्र शासन लिहिलेलं असतं, फोन फुकट लागतो, त्यामुळे आतले लोक सरकारी नोकर आहेत असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सेवा सरकारने खासगी कंपनीमार्फत चालवलेली आहे. चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात, सोबत डॉक्टर असतो, बहुतेकदा बीएएमएस झालेला. हायवेवर अपघात झाला की पहिल्या तासात माणूस वाचेल की नाही हे या दोघांवर अवलंबून. पण दोघंही सरकारच्या पगारपत्रकावर नाहीत. कंत्राटदार बदलला की पगार, रजा, जुनी सेवा धरणार की नाही, सगळं नव्याने. गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना बुडताना वाचवणारे जीवरक्षकही २००८ पासून एका खासगी कंपनीचे कर्मचारी आहेत.

महाराष्ट्र सुरक्षा बल, म्हणजे एमएसएफ, हेही असंच फसवं नाव. २६/११ च्या हल्ल्यानंतर २०१० च्या कायद्याने महामंडळ म्हणून ते उभं राहिलं. मेट्रो, हॉस्पिटल, सरकारी इमारती यांच्या दारात हे जवान दिसतात. नेमणूक कराराची. जुलै २०२३ मध्ये मुंबई पोलिसांकडे ३,००० एमएसएफ जवान घ्यायला मंजुरी मिळाली, तेव्हा 'कंत्राटी पोलीस' म्हणून विधिमंडळात गदारोळ झाला. विरोधकांचा मुद्दा सुरक्षेचा होता. तयारी करणाऱ्या मुलांचा मुद्दा वेगळा होता. मनुष्यबळ कमी असताना ते कराराने भरलं, तर कायमच्या जागा कधी निघणार?

गृहरक्षक दल, अर्थात होमगार्ड, तर नोकरीच नाही. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ ला सुरू झालेलं हे दल आजही मानसेवी आहे. ड्युटी लागली तर त्या दिवसाचा भत्ता, नाही लागली तर नाही. २०२४ मध्ये हा भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला. पण होमगार्डची बाजू वेगळी आहे. दहावी पासवर प्रवेश मिळतो, बंदोबस्त म्हणजे काय ते कळतं, आणि तीन वर्षांच्या सेवेनंतर पोलीस भरतीत वर सांगितलेल्या ५ टक्क्यांत नाव बसतं. पायरी म्हणून चांगलं, मुक्काम म्हणून अवघड.

एनडीआरएफबद्दल तर जवळपास प्रत्येक पुरानंतर एकच प्रश्न विचारला जातो. यात भरती कधी असते? उत्तर : थेट नसते. पुण्याजवळ सुदुंबरे इथे या दलाची पाचवी बटालियन आहे, कोल्हापूर-सांगलीच्या पुरात दिसणारे नारंगी कपडे तिथलेच. पण जवान येतात सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर. राज्याचं एसडीआरएफही एसआरपीएफच्या जवानांतूनच उभं राहिलं, धुळे आणि नागपूरला. म्हणजे नारंगी कपडे घालायचे असतील तर आधी खाकी किंवा केंद्रीय दलाचा गणवेश मिळवावा लागतो.

केंद्रीय दलांचा हा रस्ता मराठी मुलांनी बराच काळ सोडून दिला होता. परीक्षा हिंदी-इंग्रजीत, हे एक मोठं कारण. २०२४ पासून स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी कॉन्स्टेबल परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत देता येते. दहावी पास पुरतं. मात्र वयाची खिडकी छोटी, १८ ते २३, आणि पोस्टिंग काश्मीर ते मणिपूर कुठेही. पोलीस भरतीच्या नादात तेविसावं उलटल्यावर ही परीक्षा आठवणारे खूप आहेत.

मग तयारी करायची की नाही?

करायची. पण 'होईपर्यंत' नाही, तारीख ठरवून. दोन भरत्या की तीन, हे अकॅडमीत पाऊल ठेवण्याआधी घरच्यांसमोर बोलून ठरवलेलं बरं. अकॅडमी, रूम, मेस यांचा खर्च दर महिन्याला वाढत जातो आणि अनेक घरांत तो उसाच्या बिलातून किंवा आईच्या बचत गटाच्या कर्जातून जातो. ठरलेली तारीख नसेल तर 'एवढे पैसे गेले, आता अजून एक अटेम्प्ट' हे चक्र थांबत नाही. अर्ध्या गुणाने राहिलेल्याला थांब म्हणणं सगळ्यात कठीण, आणि त्याचीच वर्षं सगळ्यात जास्त जातात.

तयारीच्या बरोबरीने पदवी चालू ठेवणं हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. मुक्त विद्यापीठातून का होईना. पदवी असली की पीएसआय, वनविभाग, बँक, रेल्वे अशी बाकीची दारं उघडी राहतात. अवजड वाहनाचा परवाना काढला तर अग्निशमन दलातल्या चालकाच्या जागाही आवाक्यात येतात. 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यातून नोकरी मिळत नाही, पण पुराच्या पाण्यात उतरणं किंवा बेशुद्ध माणसाला सीपीआर देणं आपल्याला झेपतं की नाही, हे कळतं. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारख्या स्वयंसेवी पथकांबरोबर एक पावसाळा काढला तरी तेच कळतं. काहींना पहिला मृतदेह पाहिल्यावर उमगतं की आपल्याला वर्दी आवडते, हे काम नाही. चोविसाव्या वर्षी हे कळण्यापेक्षा एकोणिसाव्या वर्षी कळलेलं चांगलं.

आणि पुढच्या भरतीत रांगेत नवीन माणसं असणार आहेत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडू लागेल. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना सैन्यात कायम केलं जाईल. बाकीच्यांना सेवा निधीचे पैसे मिळतील, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ही मुलं तेव्हा साधारण बावीस ते सत्तावीस वर्षांची असतील. चार वर्षं रोज पहाटे पळालेली, शस्त्र हाताळलेली, शिस्तीत वाढलेली. गावी परतल्यावर यातले अनेक जण पोलीस भरतीचाच फॉर्म भरणार, आणि १,६०० मीटरच्या त्याच ट्रॅकवर चेस्ट नंबर लावून उभे राहणार.